मितानिनीचा पगार

भिलाईहून मी बोलतोय. मागच्या काही भागांत आपण लढायांविषयी बोललो. आजची गोष्ट लढाईची नाही, तरी मला ती फौजी माणसाच्या नजरेनेच दिसते. पुढच्या ठाण्यावर कोण उभं आहे, त्याला रसद कोण पोचवतं आणि त्याचा पगार कोण देतं, हे तीन प्रश्न मी नोकरीभर विचारत आलो. आज तेच प्रश्न गावातल्या बाईच्या आरोग्याविषयी विचारायचे आहेत.

निमित्त साधं आहे. आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी बाई जवळच्या खेड्यातून येते. तिची जेठानी, म्हणजे आपल्या भाषेत मोठी जाऊ, गावाची मितानिन आहे. परवा सकाळी ही उशिरा आली. म्हणाली, "साहेब, रात्रभर घरात कुणी झोपलं नाही. दीदी एका बाईला बाळंतपणासाठी घेऊन गेली होती, पहाटे परतली." मी विचारलं, याचं तिला काय मिळतं? तिने सांगितलं, "एका केसचे जितके असतात तितके. केस झाली तर. नाही झाली तर काही नाही." मी चहा घेत होतो. 'केस' हा शब्द कानात राहिला.

मितानिन शब्दाचा अर्थ आधी सांगतो. छत्तीसगडात मितान बदायची जुनी रीत आहे. दोन माणसं, बहुतेक वेळा वेगळ्या घरची आणि कित्येकदा वेगळ्या जातीची, विधीपूर्वक एकमेकांची मित्र होतात. हे नातं रक्ताच्या नात्याइतकं पाळतात. मितानाच्या घरी लग्न असो की मर्तिक, जावंच लागतं. बायकांत तिला मितानिन म्हणतात. सरकारी योजनेला हे नाव देणाऱ्यांना माणसांची पारख असली पाहिजे. मात्र जिवाभावाच्या मैत्रिणीला केसमागे पैसे देण्यापर्यंत आपण कसे आलो, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

मी माझ्या घरापासून सुरुवात करतो. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीकडे. भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली आणि त्यानंतर दोन वर्षांनी वडील इथे कारखान्यात लागले. क्वार्टर मिळायला वेळ लागला, तोवर आई गावी होती. मी सात वर्षांचा असताना तिसरं बाळंतपण घरीच झालं. मागच्या अंधाऱ्या खोलीत, दाराला गोणपाट लावून. दाई म्हातारी होती, मायेची होती, तिला जेवढं ठाऊक होतं तेवढं तिने केलं. मुलगी झाली. पाचवी पुजली. सातव्या दिवशी तिने दूध घेणं सोडलं, अंग गार पडलं, आणि नवव्या दिवशी ती गेली. आजी म्हणाली, "सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं." घरातल्या सगळ्यांनी ते मान्य केलं. मीही केलं. पुढे जवळजवळ तीस वर्षं मला ते खरं वाटत होतं. आई मात्र त्यानंतर त्या खोलीत कधी झोपली नाही.

त्या काळी सरकारचं धोरण काय होतं? प्राथमिक आरोग्य केंद्रं होती, पण तालुक्यात थोडी आणि लांब. डॉक्टर खेड्यात टिकत नव्हता. शिकलेली नर्सही टिकत नव्हती, कारण एकट्या तरुण मुलीने परक्या गावात राहायचं कसं, हा प्रश्न कुणी सोडवला नव्हता. फौजेच्या भाषेत सांगायचं तर मुख्यालय होतं आणि पुढची चौकी रिकामी होती.

ही चौकी भरण्याची युक्ती महाराष्ट्रातल्या एका दुष्काळी तालुक्यात सापडली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडला आलं. अहमदनगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. त्यांनी आधी लोकांना विचारलं की तुम्हाला काय हवंय. दवाखाना हवा असं उत्तर येईल, ही त्यांची अपेक्षा. लोकांनी मागितलं अन्न आणि पाणी. मग कामाची सुरुवात पाण्यापासून आणि मुलांच्या जेवणापासून झाली. नर्सिंग शिकलेल्या मुली गावात राहीनात, तेव्हा त्यांनी गावातलीच बाई निवडायला सुरुवात केली. यातल्या अनेकजणी निरक्षर होत्या, अनेक दलित होत्या, काही टाकून दिलेल्या किंवा विधवा होत्या. त्या जामखेडला येऊन शिकत आणि गावात परत जाऊन तेच शिकवत. गरोदर बाईचं वजन, बाळंतपणातली स्वच्छता, जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचं पाणी. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा प्रयोगांचं एक पुस्तक काढलं, त्यात जामखेड होतं. पुढे १९७८ मध्ये अल्माआटाला जगातले देश जमले आणि प्राथमिक आरोग्यसेवेचा ठराव झाला. त्या ठरावामागे जगातल्या ज्या काही जागांचा अनुभव होता, त्यांतली एक आपल्या मराठवाड्याच्या सीमेवरची.

आता पहा, सरकारने या अनुभवाचं काय केलं. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने गावोगावी आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू केली. महिना पन्नास रुपये. कागदावर ती जामखेडसारखीच दिसते. पण निवडले गेले ते बहुतेक पुरुष. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला प्रवेश नाही, मग तो कार्यकर्ता कोणाच्या कामाचा? काही वर्षांत योजना थकली. मध्य प्रदेशात, म्हणजे तेव्हाच्या आमच्याही राज्यात, १९९५ मध्ये जनस्वास्थ्य रक्षक आले. तेही बहुतेक तरुण पोरं. कित्येकांनी पुढे सुया टोचायचा धंदा मांडला. कल्पना बरोबर उचलली होती, पण तिच्यातली बाई वगळून.

त्याच काळात महाराष्ट्रात दुसरं एक धोरण घडत होतं, आणि तेही बायांच्या नशिबाशी जोडलेलं. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा आठवत असतील. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना त्या दुष्काळात पसरली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी तो लागू झाला. जो मागेल त्याला काम, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी. पुढे २००५ साली हाच विचार देशाचा कायदा झाला आणि त्यात किमान एक तृतीयांश काम बायांना देण्याची अट आली. ज्या बाईच्या हातात आजवर स्वतःच्या कमाईचा पैसा आला नव्हता, तिच्या हातात तो आला. हातात पैसा असलेली बाई पोराला घेऊन डॉक्टरकडे जायला नवऱ्याची वाट पाहत नाही. आरोग्य आणि रोजी हे दोन विषय आपण कार्यालयांच्या सोयीसाठी वेगळे केलेत. घरात ते एकच आहेत.

आता आमच्या बाजूला येऊ. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज येतं ते दल्ली राजहराहून, इथून नव्वदेक किलोमीटर दक्षिणेला. तिथल्या ठेकेदारी खाणीत पुरुष खोदत आणि बाया टोपल्यांनी ट्रक भरत. १९७७ साली त्यांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली स्वतःची संघटना उभी केली. त्याच वर्षी जूनच्या २ आणि ३ तारखेला तिथे पोलीस गोळीबार झाला, अकरा जण गेले. मृतांत अनसूयाबाई नावाची कामगार बाई होती. पुढे संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात दगावल्या. ज्या बाईने हजारो मजुरांचं नेतृत्व केलं तिला बाळंतपणात वाचवता आलं नाही, हे मजुरांना फार लागलं. त्यांनी ठरवलं, आपला दवाखाना आपणच बांधायचा. वर्गणी त्यांची, श्रमदान त्यांचं. ३ जून १९८३ रोजी शहीद हॉस्पिटल सुरू झालं. बाहेरून आलेले डॉक्टर तिथे राहिले, आणि त्यांच्यासोबत मजुरांच्या घरच्याच मुली-सुना आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. नियोगींची २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे इथेच, भिलाईत, गोळी झाडून हत्या झाली. हॉस्पिटल चालू राहिलं.

राजहऱ्याच्या पश्चिमेला जंगल ओलांडलं की महाराष्ट्राचा गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ पासून काम करताहेत. राणीताईंनी दोन गावांतल्या साडेसहाशे बायांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के बायांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तोवर सरकारला बाईचं आरोग्य म्हणजे कुटुंब नियोजन आणि बाळंतपण एवढंच दिसत होतं. या अभ्यासाने दाखवलं की बाई बाळंत नसतानाही आजारी असते.

नंतर त्यांनी ३९ गावांत आरोग्यदूत बाया तयार केल्या. जन्मलेल्या बाळाला उबेत ठेवायचं, श्वास अडला तर चालू करायचा, वजन घ्यायचं, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर इंजेक्शनसुद्धा द्यायचं. खेड्यातल्या बाईने इंजेक्शन द्यायचं म्हणजे काय, असा गदारोळ झाला. १९९९ साली निकाल छापून आला: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. मी तेव्हा सीमेवर होतो. मराठी वर्तमानपत्र दहा-दहा दिवसांनी पोचायचं. त्यात ही बातमी वाचली आणि त्यात लिहिलेली लक्षणं वाचली. दूध सोडणं. अंग गार पडणं. मी ते पान घडी करून ठेवलं. सुट्टीत घरी गेल्यावर आईला दाखवावं की नाही, याचा विचार दोन दिवस केला. शेवटी दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे सटवाईनं लिहिलं नव्हतं." बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही.

पुढच्याच वर्षी, १ नोव्हेंबर २००० रोजी, छत्तीसगड राज्य झालं. आरोग्याची अवस्था वाईट होती. जन्मणाऱ्या हजार मुलांमागे सत्तराहून जास्त मुलं वर्षाच्या आत दगावत. नव्या राज्याकडे डॉक्टर नव्हते, नर्सेस नव्हत्या, आणि जंगलातली वस्ती विखुरलेली. २००२ पासून मितानिन कार्यक्रम उभा राहिला. आधीच्या योजनांच्या चुका ज्यांनी पाहिल्या होत्या अशी माणसं त्यात होती, म्हणून काही गोष्टी मुद्दाम वेगळ्या केल्या. कार्यकर्ती बाईच असेल. ती गावामागे एक नसेल, पाऱ्यामागे, म्हणजे वस्तीमागे एक असेल. निवड वस्ती करेल. शाळा शिकलेली असायलाच हवी अशी अट नसेल. काही वर्षांत साठ हजारांच्या आसपास मितानिनी तयार झाल्या. मंडळी, साठ हजार म्हणजे फौजेच्या तीन-चार डिव्हिजन. एवढं संख्याबळ एका गरीब, नवख्या राज्याने उभं केलं.

दिल्लीने हे पाहिलं. एप्रिल २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि देशभर 'आशा' आली. जामखेड, गडचिरोली, छत्तीसगड यांचा अनुभव तिच्यामागे होता. २०११ पासून आशा घरी जाऊन नवजात बाळ तपासू लागली, ती गडचिरोलीचीच पद्धत. २०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारताच्या दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. आमच्या राज्यात बालमृत्यूचा आकडा २०२० च्या नोंदणीत हजारी ३८ वर आला होता. सगळं श्रेय मितानिनीचं नाही. रस्ते झाले, अॅम्ब्युलन्स आली, रेशन सुधारलं. रेशनचीही गोष्ट याच गोष्टीत बसते. २००४ मध्ये छत्तीसगडने रेशन दुकानं खाजगी दुकानदारांकडून काढून पंचायती, सहकारी संस्था आणि महिला बचत गटांकडे देण्याचा निर्णय घेतला. २०१२ च्या राज्याच्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातल्या वडीलधाऱ्या बाईला शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख केलं. पुढच्या वर्षी केंद्राच्या कायद्यानेही तेच केलं. आमच्याकडे येणाऱ्या बाईने तिचं कार्ड मला अभिमानाने दाखवलं होतं. पहिल्या पानावर तिच्या सासूचं नाव होतं.

आता इतिहासाची कडू बाजू.

सुरुवातीला मितानिनीला मानधन नव्हतं. त्यामागे एक भीती होती आणि ती खोटी नव्हती: पैसा आला की सरपंचाची सून निवडली जाईल. पण काम वाढत गेलं, रजिस्टरं वाढत गेली, रात्रीच्या फेऱ्या वाढल्या. मग पैसे देणं भाग झालं, ते कामाच्या नगावर दिले गेले. दवाखान्यात बाळंतपण झालं तर इतके, लस पूर्ण झाली तर इतके, नसबंदीला बाई आणली तर इतके. २०१८ मध्ये केंद्राने नेहमीच्या कामासाठी आशांची ठरावीक रक्कम महिना हजारावरून दोन हजारांवर नेली. बाकी बहुतेक सगळं तेव्हा नगावरच होतं.

नगावरचं मोल काय करतं ते आम्ही इथे पाहिलं. ८ नोव्हेंबर २०१४ रोजी बिलासपूर जिल्ह्यात एका नसबंदी शिबिरात काही तासांत ८३ बायांच्या शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या तेरा जणी दगावल्या. बहुतेक तरुण, घरी लहान मुलं. देशात लक्ष्यं ठरवून देणं कागदावर १९९६ मध्येच बंद झालं होतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. पण मला त्या शिबिराला बायांना घेऊन जाणाऱ्या कार्यकर्त्यांचा विचार सुटत नाही. त्यांनी वाईट हेतूने कुणाला नेलं नव्हतं. नेण्याचे पैसे मिळत होते आणि आणखी कशाचे फारसे मिळत नव्हते. परत आल्यावर त्या घराच्या दारात ती मैत्रीण म्हणून उभी कशी राहिली असेल?

इथे मला माझ्या नोकरीतली एक साधी गोष्ट सांगायची आहे. उंचावरच्या चौकीवर डॉक्टर नसतो. म्हणून फौज साध्या जवानांना शिकवून बॅटल फील्ड नर्सिंग असिस्टंट बनवते. रक्त कसं थांबवायचं, हिमदंश कसा ओळखायचा, कुणाला लगेच खाली पाठवायचं. माझ्या कंपनीतल्या अशाच एका जवानाने रात्रभर एका पोराला शुद्धीवर ठेवलं आणि सकाळी हेलिकॉप्टरमध्ये चढवलं. जामखेडची कल्पना आणि ही कल्पना एकच आहे. फरक इतकाच की त्या जवानाला महिन्याच्या शेवटी पगार मिळत होता, जखमी आले तरी आणि न आले तरी. जखमींच्या संख्येवर त्याला पैसे द्यावेत असं कुणी सुचवलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. चौकी शांत राहिली तर ते त्याचंही यश होतं.

मितानिनीचं खरं यश असंच शांत असतं. जी बाई आजारी पडली नाही, जे मूल गार पडण्याआधी आईच्या छातीशी बांधलं गेलं, जी मुलगी लग्नाआधी रक्त तपासून आली, तिची केस होत नाही. मग तिचे पैसेही होत नाहीत. आणि याच देशात रस्त्यावर माती टाकणाऱ्या बाईला कायद्याने रोजची मजुरी मिळते, ती मिळायलाच हवी. मग रात्री बाळंतिणीसोबत जाणारी तिची शेजारीण कागदावर स्वयंसेविका कशी? महाराष्ट्रात २०२१ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये आशा संपावर गेल्या, त्या हाच प्रश्न विचारत होत्या.

पगार सुरू केला तर सरपंचाची सून येईल, ही जुनी भीती माझे काही मित्र आजही सांगतात. त्यावर उपाय निवडीत आहे. निवड वस्तीच्या सभेत करा, काम न करणारीला वस्तीनेच बदलावं, पण जी काम करते तिला महिन्याचा पगार, रजा आणि म्हातारपणाची सोय द्या. भरती पारखून करायची आणि शिपायाला उपाशी ठेवायचं नाही, हे आमच्या पलटणीत पहिल्या दिवशी शिकवतात.

परवा संध्याकाळी मी त्या मितानिनीला भेटायला गेलो. पन्नाशीची बाई, अंगणात तांदूळ निवडत होती. रात्रीच्या बाळंतपणाचं विचारलं तर म्हणाली, मुलगी झाली, दोन किलो सहाशे, दूध पिते. आठवड्याभरात तीनदा जायचंय बघायला. मी विचारलं, सातव्या दिवशीही जाल ना? ती माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "सातव्या दिवशी तर जावंच लागतं, साहेब. तोच दिवस धोक्याचा."

तिला मी माझ्या बहिणीविषयी काही सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं.

पुढच्या भागात भेटू. तोवर तुमच्या गावातल्या, वस्तीतल्या आशाताईला एकदा विचारा, मागच्या महिन्यात तिच्या हातात किती आले. नमस्कार.